उभ्या गाडीतून उडणारं पेट्रोल

माझ्या नोकरीबद्दल माझ्या आईला शेवटपर्यंत शंका होती. अक्कलकोटला माहेरी गेले की ती ताटात भाकरी टाकता टाकता विचारायची, "नेमकं काय करतीस गं तू तितं?"

"एका बंद खोलीत गाडी उभी करतो आणि दिवसभर बघत बसतो."

"चालवत न्हाईस?"

"नाही."

"मंग दुरुस्त करतीस?"

"नाही."

मग ती कानडीत एकच शब्द म्हणायची, "सुम्ने?" सुम्ने म्हणजे उगीच, कारण नसताना. पंचवीस-तीस वर्षं लेक रोज डबा घेऊन सुम्ने कुठंतरी जाते आणि लोक तिला पगार देतात, हे तिला पटलं नाही. नवऱ्यालाही फारसं पटलेलं नाही. तो बँकेत होता. त्याच्या मते उभ्या गाडीकडे बघायचं काम सोलापुरात सात रस्त्यावरचे रिक्षावालेही करतात आणि ते पदवी न घेता करतात.

तर आता निवृत्त झाल्यावर एकदाच सांगून टाकते.

पेट्रोल उडतं. गाडी चालू असताना ते जळतं हे सगळ्यांना माहीत आहे. पण गाडी दारात नुसती उभी असते तेव्हाही तिच्यातून थोडं थोडं पेट्रोल हवेत जात असतं. ऊन चढलं की टाकीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि ती वाट शोधते. तिला अडवायला गाडीत कोळशाचा एक डबा बसवलेला असतो. उभ्या गाडीतली वाफ हा कोळसा धरून ठेवतो आणि गाडी चालू झाली की इंजिन ती ओढून घेऊन जाळून टाकतं. तरीही काही वाफ रबरी नळ्यांच्या अंगातून झिरपते, काही सांध्यांतून निसटते. हे निसटलेलं मोजायचं, एवढंच माझं काम. ही वाफ शहराच्या हवेत मिसळली की उन्हात तिचं जे काही होतं ते फुप्फुसाला बरं नसतं, म्हणून तिला कायद्यानं मर्यादा घातलेली आहे.

मोजण्यासाठी आमच्याकडे एक खोली होती. पोलादी भिंती, खिडकी नाही, आणि दार असं की बंद केल्यावर त्याच्या कडेचं रबर हवा भरून फुगायचं. कागदोपत्री तिला इंग्रजीत लांबलचक नाव होतं. आमचे चालक बशीरभाई तिला 'कोठडी' म्हणायचे आणि सगळ्या प्रयोगशाळेत तेच नाव चाललं. गाडीची टाकी रिकामी करायची, ठरलेलं पेट्रोल ठरल्याएवढंच भरायचं, म्हणजे निम्म्याहून कमी. गाडी रुळांवर, म्हणजे चाकांखाली फिरणाऱ्या लोखंडी लाटण्यांवर, जागच्या जागी पळवायची. मग तिला कोठडीत टाकायचं आणि खोलीचं तापमान सकाळ-दुपार-संध्याकाळ असं चढवत उतरवत न्यायचं. खोलीतली हवा एका लहानशा ज्योतीतून जाते आणि त्या ज्योतीवरून कळतं, की हवेत किती वाफ आहे.

या ज्योतीचा एक मोठा दोष. तिला फक्त 'किती' कळतं. 'कशाची' हे कळत नाही. पेट्रोलची वाफ, नव्या टायरचा वास, डॅशबोर्ड चमकवायचा फवारा, तिच्या लेखी सगळं एकच. म्हणून आमच्याकडे नियम फार. मी नोकरीच्या काळात गजरा माळला नाही. केसांना वासाचं तेल लावलं नाही. बशीरभाईंची सुगंधी सुपारी फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे जमा व्हायची आणि संध्याकाळी परत मिळायची.

बशीरभाई आधी मालट्रक चालवायचे. रुळांवर गाडी पळवताना समोरच्या पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग ठेवावा लागतो, आणि त्यांचा पाय असा स्थिर, की पुण्याच्या मुख्य कार्यालयातले लोक बघायला यायचे. पण आयुष्यभर रस्ते तुडवलेल्या माणसाला तासन् तास एका जागी गाडी चालवायला लावणं हा छळच होता. रुळांवरून उतरले की म्हणायचे, "म्याडम, आज हैदराबादतक गया, चाय भी नै मिली."

आता मुख्य गोष्ट. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली आणि प्रमाण वाढवत नेलं, तेव्हा प्रश्न आला, की याचा उडण्यावर काय परिणाम होतो? इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून केलेला मद्यार्क. एकट्यानं ते पेट्रोलपेक्षा कमी उडतं. पण थोडंसं पेट्रोलमध्ये घातलं, की मिश्रण दोघांपेक्षाही जास्त उडायला लागतं. आणखी घातलं की ती चढण थांबते, थोडी उतरतेही. शिवाय काही जुन्या नळ्यांचं रबर त्यानं सुजतं, मऊ पडतं. हे सगळं पुस्तकात होतं. पुण्याच्या साने साहेबांना ते सोलापूरच्या रस्त्यावरच्या, उन्हात भाजून निघालेल्या गाड्यांमध्ये बघायचं होतं. साने साहेब आमचे प्रमुख. माणूस हुशार, पण बोलायचा ते 'सोमवारपर्यंत' या शब्दानं संपवायचा.

म्हणजे मला लोकांच्या जुन्या गाड्या मागून आणायच्या होत्या. आठ-पंधरा दिवस तुमची गाडी द्या, तोवर आमची वापरा, परत देताना टाकी काठोकाठ भरून देऊ. प्रत्येक गाडी दोनदा कोठडीत जाणार, एकदा साध्या पेट्रोलवर, एकदा मिश्रणावर.

सोलापूरकरांना फुकटाचा संशय येतो. कोणी विचारलं, गाडी भंगारात काढायचा हा सरकारी डाव तर नाही? माळशिरसचे एक बागायतदार मात्र स्वतःहून गाडी घेऊन आले. मी त्यांना इथेनॉलचं समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे आमचाच ऊस तुमी आमच्याच गाडीत घालणार, आन वर तिला त्रास हुतोय का ते बघणार. व्हय की न्हाय?"

"तसंच."

"आमाला कुणी न्हाय बघितलं असं," म्हणाले आणि चावी देऊन गेले.

आणि मग रफिकभाई. विजापूर वेशीजवळ त्यांचं अत्तराचं दुकान, मागं घर. साठीचे, स्वच्छ पांढरा सदरा, बोलणं मृदू. गाडी दहा वर्षांची पण एखाद्या दागिन्यासारखी ठेवलेली. मी अर्ज भरून घ्यायला गेले, तर आधी त्यांनी माझ्या मनगटावर अत्तराची काडी टेकवली. मी सवयीनं हात मागं घेतला. ते हसले.

"आत्ता हुंगू नका, ताई. आधी जे येतं ते हलकं असतं, ते पळून जातं. अर्ध्या तासानं जे राहील ते खरं अत्तर."

मी म्हटलं, "पेट्रोलचंही असंच. हलकं आधी उडतं."

"आणि दोन चांगली अत्तरं एकत्र केली की तिसराच स्वभाव होतो."

"आमच्याकडेही."

"मग आपण एकाच धंद्यात की," ते खूश होऊन म्हणाले. "मी उडायला विकतो, तुम्ही उडालेलं मोजता."

माणूस आवडला. आणि मी तिथंच पहिली चूक केली. अत्तरवाल्याची गाडी मी घ्यायलाच नको होती.

गाडी आली तेव्हा तिचं दार उघडताच बशीरभाईंनी डोळे मिटले. "ये गाडी नै म्याडम, बारात है." सीटखाली एक फुटकी कुपी सापडली. सीटची कव्हरं काढली, पायपुसणी काढली, दोन दिवस चारी दारं उघडी टाकून गाडी उन्हात ठेवली. मग साध्या पेट्रोलवर पहिली चाचणी घेतली. आकडा थोडा वर होता, पण मर्यादेत बसला. मी निश्चिंत झाले.

दुसऱ्या चाचणीआधी रफिकभाईंचा फोन आला. कुर्डुवाडीला नातलगांकडे निकाह होता, पाहुण्यांसाठीच्या सगळ्या कुप्या त्यांनाच पोहोचवायच्या होत्या, आणि आमची बदली गाडी लहान पडत होती. "दोन दिवस माझीच द्या, ताई." नियमात बसत नव्हतं. मी दिली. परत आली तेव्हा गुलाब, हिना, खस सगळं आत भरून आलं होतं. पुन्हा कव्हरं, पुन्हा ऊन. पण साने साहेबांचा सोमवार जवळ आला होता, म्हणून या वेळी एकच दिवस.

मिश्रणावरच्या चाचणीचा आकडा पहिल्याच्या तिप्पट आला.

मी कागद हातात घेऊन उभी होते. बशीरभाई कोठडीचं दार उघडून आत गेले, गाडीच्या मागच्या बाजूला वाकले, बाहेर आले आणि म्हणाले, "अत्तर नै म्याडम. पेट्रोल की बास आरी."

"बशीरभाई, कुर्डुवाडीचा अख्खा निकाह या गाडीत बसून आलाय."

"वो आगे है. पीछे पेट्रोल है."

"नाकानं चालत नाही इथं. मशीननं चालतं."

"तो मशीन कु पूछो," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मशीनला विचारायची सोय होती. आमची ज्योत 'कशाची' सांगत नसली, तरी खोलीतली हवा एका पिशवीत भरून पुण्याला पाठवली, की तिथलं मोठं यंत्र घटक वेगळे करून सांगायचं. आठवडा लागायचा. मी साने साहेबांना फोन केला. ते म्हणाले, "अत्तर? बिराजदार मॅडम, अत्तरवाल्याची गाडी कोणी घ्यायला सांगितली होती? वगळा. कारण लिहा. सोमवारपर्यंत."

मी कारण लिहिलं, 'वाहनात सुगंधी द्रव्यांचा अंश आढळल्याने वाचन दूषित.' वाक्य मला फार आवडलं होतं. पिशवी पाठवली नाही.

गाडी परत देताना ठरल्याप्रमाणे टाकी काठोकाठ भरली. रफिकभाईंना खरं सांगितलं, की तुमच्या अत्तरानं आमची चाचणी बिघडली, तुमची गाडी यादीतून काढावी लागली. मला वाटलं वाईट वाटेल. त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुमचं मशीन हरलं?"

"हरलं असं नाही…"

"कुठल्या अत्तरानं? हिना असणार."

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आभाराचं पत्र द्यायला दुकानात गेले, तर एक गिऱ्हाईक आधीच ती हकीकत ऐकत होतं. गोष्टीत आता पुण्याचे चार शास्त्रज्ञ होते आणि मशीन बंद पडलं होतं. मला बघून रफिकभाई म्हणाले, "ह्याच त्या ताई. विचारा." मी पत्र दिलं. त्यांनी आग्रह केला, "घरात चला, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही."

घरात जायची वाट एका बोळातून होती. बोळाला वर पत्रा, रस्त्याच्या बाजूला शटर. तिथंच गाडी लावलेली. गाडी आणि भिंत यांच्यामधून आडवं होऊन जावं लागायचं. पत्रा असा तापला होता, की वरून कोणीतरी इस्त्री धरल्यासारखं वाटत होतं. बोळाच्या टोकाला स्वयंपाकघर, त्याची खिडकी बोळात.

फातिमाभाभी, रफिकभाईंच्या पत्नी, आत शेगडीवर चहा ठेवत होत्या. कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली. मी विचारलं, "बरं नाही का?"

"डोकं," त्या म्हणाल्या. "दुपारचं रोज. ही खिडकी लावून घेते म्हणून जरा तरी बरं. आत वास येतो."

"तिला अत्तर सोसत नाही," रफिकभाई मागून कौतुकानं म्हणाले. "इतकी वर्षं झाली लग्नाला."

"अत्तराचा नाही," भाभी म्हणाल्या. "गाडीचा."

मी बोळाकडे वळून श्वास घेतला. पंचवीस-तीस वर्षं मी नाकाला कामाच्या ठिकाणी सुट्टी दिलेली होती. हिना होता, खस होता, आणि त्यांच्या खाली, जमिनीलगत, अगदी ओळखीचं काहीतरी होतं. मी वाकले. मागच्या चाकाजवळ फरशीवर हाताएवढा ओला डाग होता.

खिडकीच्या आत, दोन हातांवर, शेगडी पेटलेली.

"भाभी, शेगडी बंद करा."

"चहा होत आलाय…"

"आत्ता बंद करा. सिलिंडरपण. आणि पंख्याच्या बटणाला हात लावू नका. कुठल्याच बटणाला नका."

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, पण त्यांनी एकही प्रश्न न विचारता दोन्ही बंद केलं. रफिकभाई तोवर चावी घेऊन गाडीचं दार उघडत होते. मी ओरडले, "चावी नको! चालू करायची नाही! ढकला!" शटर हातानं वर केलं. समोरचा शिंपी, दुकानातलं ते गिऱ्हाईक आणि मी मिळून गाडी मागं ढकलली आणि रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली नेऊन उभी केली. शिंप्याच्या तोंडात पेटती विडी होती, ती मी स्वतःच्या हातानं काढून दूर नाल्यात फेकली. आजही तो मला ओळखतो आणि लांबूनच विडी विझवतो.

बशीरभाईंना फोन केला. ते आले, पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन मला आत बघायची खूण केली. पन्नाशी उलटलेली बाई, साडी सावरत विजापूर वेशीत गाडीखाली झोपली. टाकीत पेट्रोल भरायचं तोंड असतं, तिथून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी जाते. ती वळणावर वरच्या अंगाला चिरलेली होती. टाकी निम्मी असताना तिथून फक्त वाफ निसटायची. टाकी काठोकाठ भरली, की पेट्रोल त्या चिरेपर्यंत चढायचं आणि थेंब थेंब खाली यायचं.

काठोकाठ आम्हीच भरली होती. बक्षीस म्हणून.

बशीरभाई 'मी सांगितलं होतं' असं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. त्यांनी टाकीतलं पेट्रोल नळीनं काढून घेतलं, चिरेवर तात्पुरती पट्टी आवळली आणि नवी नळी आणायला गेले.

मग मला दुकानात बसून ते सांगावं लागलं, की रफिकभाई, मशीनला तुमच्या अत्तरानं हरवलं नव्हतं. तो आकडा या चिरेचा होता. मी नीट बघितलं नाही. अत्तरावर ढकलून मोकळी झाले. रफिकभाईंनी समोरची हिन्याची कुपी उचलून मागच्या फळीवर ठेवली. गाडीचं त्यांना इतकं लागलं नसावं. पुण्याचे चार शास्त्रज्ञ एका वाक्यात गेले, ते लागलं.

भाभी पडद्याआड उभ्या होत्या. त्या बाहेर आल्या. "ह्यांना अत्तराशिवाय दुसरा वास येत नाही," त्या म्हणाल्या, "आन तुमाला मशीनशिवाय काही कळत नाही. दोघांच्या मधे मेरी गर्दन. मी बोलायलेय ते कुणी ऐकलंच नाही."

"कधीपासून दुखतंय, भाभी?" मी विचारलं. मला तारीख हवी होती. आमच्या मिश्रणाच्या आधीपासून की नंतर, हे त्यावरून ठरलं असतं.

"डोकं दुखताना कुणी कॅलेंडर बघतं का, ताई?"

त्याच संध्याकाळी साने साहेबांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहवाल गेलाय. आणि गळकी गाडी तशीही वगळलीच असती ना आपण? निष्कर्ष तोच राहतो."

"वगळण्याचं कारण खोटं आहे, साहेब."

"चुकीचं म्हणा. खोटं नाही."

"मी पिशवी पाठवली नाही. बशीरभाईंनी सांगूनही. आणि आपण रस्त्यावरच्या गाड्या बघायला निघालो होतो. रस्त्यावर चिरलेल्या नळ्या असणारच. त्या वगळायच्या असतील तर कारखान्यातल्या कोऱ्या गाड्या तपासू."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "लेखी द्या. सोमवारपर्यंत."

लेखी दिलं. अहवालाला माझं पान पुरवणी म्हणून जोडलं गेलं, आणि मला नोकरीतला पहिला आणि शेवटचा मेमो मिळाला. गाडी नियमबाह्य बाहेर सोडल्याबद्दल आणि पिशवी न पाठवल्याबद्दल. दोन्ही खरं होतं. पुढच्या मोठ्या अभ्यासाची जबाबदारी पुण्यातल्या एका तरुण मुलीकडे गेली. मला ते लागलं, लागलं नाही म्हणणार नाही. पण मुलगी हुशार होती. तिनं मला फोन करून विचारलं, "मॅडम, काही सल्ला?" मी म्हटलं, "चालक कोण आहे ते बघ, आणि तो काय म्हणतो ते लिहून ठेव."

माझ्या प्रयोगशाळेत मी तेच केलं. चाचणीच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला, 'वास', आणि तो बशीरभाईंनी भरायचा असं ठरवलं. सुरुवातीला ते लाजले. मग रंगात आले. त्या रकान्यातल्या नोंदी पुण्याचे लेखापरीक्षक येऊन वाचून गेले आहेत. 'बास नै.' 'नया रबर.' 'मालक बिडी पीता, बोलता नै.' 'कुत्ता बैठा था, धोया नै.' एकदा नुसतंच, 'अच्छी गाडी.' लेखापरीक्षकांनी याचा अर्थ विचारला. मी म्हटलं, निरीक्षण आहे.

नवी नळी बसवल्यावर आठवड्यानं रफिकभाई स्वतः प्रयोगशाळेत आले. समोर बसले आणि शांतपणे विचारलं, "खरं सांगा ताई. ती नळी तुमच्या इथेनॉलनं गेली का?"

मी जुनी नळी तपासली होती. रबर मऊ पडलं होतं, हे खरं. पण उन्हानंही ते तडकलेलं होतं, आणि वय दहा वर्षं. पंपावरच्या पेट्रोलमध्येही कितीतरी दिवस इथेनॉल होतंच. आमच्या मिश्रणाच्या चार दिवसांनी शेवटचा धक्का दिला का? दिला असेल. नसेलही.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मला वाटलं आता चिडतील.

"तुम्हालाच माहीत नाही?"

"नाही. नळी पहिल्या दिवशी बघायला हवी होती. तेव्हा बघितली असती तर सांगता आलं असतं. आता कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "मग आता नव्या नळीवर परत करा. दोन्ही पेट्रोलवर. यावेळी घाई नको. अत्तर मी काढून आणलंय सगळं. आठ दिवस दुकानाचा माल रिक्षानं नेतोय-आणतोय." खरंच, गाडीला वास म्हणून नव्हता. बशीरभाईंनी रकान्यात लिहिलं, 'बास नै', आणि खाली रेघ ओढली.

दोन्ही चाचण्या झाल्या. दोन्ही आकडे मर्यादेच्या खूप आत. मिश्रणाचा आकडा साध्या पेट्रोलपेक्षा थोडा वर. थोडाच, पण पुन्हा मोजला तरी तेवढाच. सगळ्या अभ्यासात जे शोधायला निघालो होतो ते एवढंसं होतं, आणि ते दिसायला गाडीची नळी धड असावी लागत होती. या दोन आकड्यांइतके स्वच्छ आकडे मी नोकरीत फार थोडे काढले. मी या वेळी हवेच्या पिशव्याही पुण्याला पाठवल्या. दोन्हींत फक्त इंधन निघालं, अत्तराचा अंशही नाही. रफिकभाईंना सांगितलं, तर त्यांना जरासं वाईटच वाटलं.

परवा निवृत्तीनंतर बऱ्याच दिवसांनी विजापूर वेशीत गेले होते. बोळात गाडी नाही. भाभींनी ती जागा ताब्यात घेतलीय. पत्र्याखाली ताट्या बांधल्या आहेत, खाली चटई, आणि दुपारी गल्लीतल्या पाच-सहा बायका तिथं शिलाई मशीन घेऊन बसतात. गप्पांचा आवाज दुकानापर्यंत येत होता. भाभींचं डोकं बरं आहे. चेहरा भरलाय.

रफिकभाईंनी मला दुकानाच्या पायरीवरून समोर दाखवलं. रस्त्यापलीकडे लिंबाची सावली दुसरीकडे सरकली होती आणि त्यांचा तो दागिना भर उन्हात तापत, कावळ्यांनी रंगवून उभा होता.

"बघा ताई, तुमच्या शास्त्रानं गाडी रस्त्यावर आली. तुमची भाभी म्हणते, गाडी घरात परत आणलीत तर बिराजदारताईंना फोन करीन."

मी सहानुभूतीनं मान हलवली. आता यात एक अडचण आहे, आणि ती मी फक्त इथंच लिहितेय. उन्हात उभ्या गाडीतून सावलीतल्या गाडीपेक्षा जास्त पेट्रोल उडतं. हे मला माहीत आहे, मी ते कितीतरी वेळा मोजलेलं आहे, आणि रफिकभाईंना त्या दिवशी एवढं एक वाक्य सांगितलं असतं, तर त्यांनी ते भाभींना ऐकवून गाडी थेट बोळात परत आणली असती.

आतून भाभींनी हाक मारली, "ताई, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही हं." मी पायरीवरून उठले आणि काही न बोलता आत चहाला गेले.